‘हाताला काही झालेलं नाही’: स्वतःचा लुळेपणा न कळणाऱ्या रुग्णाची तपासणी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने विचारलं आहे: ‘माझ्याकडे साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक येऊन तीन आठवडे झाले. डावा हात पूर्ण लुळा, डावा पाय थोडाफार हलतो. पण “हाताला काही झालेलं नाही” असं ते अगदी शांतपणे सांगतात आणि व्यायाम टाळतात. दोनदा एकटेच उठायला जाऊन पडले. घरचे म्हणतात, स्वभावच हट्टी. मला वाटतं, त्यांना सत्य स्वीकारायचं नाही. हे नेमकं काय आहे आणि ते तपासायचं कसं?’

तुमच्या प्रश्नातल्या ‘दोनदा एकटेच उठायला जाऊन पडले’ या वाक्यावर मी आधी थांबले. तपासणी उद्या करा, पण हे आजच करा. रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी झोपायला हवं. खाट उंच असेल तर गादी खाली आणा. झोपण्याआधी आणि पहाटे, त्यांनी मागण्याची वाट न बघता, लघवीचं भांडं द्या, कारण बहुतेक जण त्यासाठीच उठतात. स्कूटरची चावी नजरेआड ठेवा. उशाशी घंटी ठेवून ‘लागलं तर वाजवा’ असं सांगून भागणार नाही. आपल्याला मदत लागते असं ज्याला वाटतच नाही, तो घंटी कशाला वाजवील?

आता मूळ प्रश्न. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी या भागात वीसहून अधिक वर्षं स्ट्रोकच्या रुग्णांबरोबर काम करते आहे. तुमच्या रुग्णासारखा माणूस समोर आला की घरच्यांकडून ठरलेले शब्द ऐकू येतात: हट्टी, आळशी, नाटकी, नाहीतर दिष्ट लागली. आपण शिकलेले लोक त्याच्या जागी ‘नकार’ म्हणतो. दिष्ट सोडली तर घरचे तिन्ही आणि चौथा आपला, असे सगळेच शब्द एक गोष्ट गृहीत धरतात, की आतून त्याला माहीत आहे. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ते गृहीतकच चुकीचं असतं.

या अवस्थेला अ‍ॅनोसोग्नोझिया म्हणतात, म्हणजे आपल्या व्याधीचं ज्ञान नसणं. १९१४ साली जोसेफ बाबिन्स्की या मज्जासंस्थातज्ज्ञाने पॅरिसमध्ये आपल्या सहकाऱ्यांसमोर डावी बाजू लुळी पडलेल्या दोन स्त्रियांची हकिकत मांडली आणि हा शब्द दिला. डावा हात हलवायला सांगितला की एक बाई गप्प राहायची, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला आहे. दुसरी म्हणायची, ‘हे बघा, झालं.’ शंभरहून अधिक वर्षांनंतर डिचोलीजवळच्या साखळी गावातल्या एखाद्या घरात, वेगळ्या भाषेत, तेच उत्तर ऐकू येतं. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, गाब्रिएल आंटोन यांनी मेंदूच्या इजेमुळे दृष्टी जाऊनही आपल्याला दिसत नाही हे न कळणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. म्हणजे हे फक्त हातापायांपुरतं नाही. वाचा गेलेल्यातही होतं. ज्याच्या बोलण्याला अर्थ उरलेला नाही असा रुग्ण घडाघडा बोलतो आणि समोरच्याला कळत नाही म्हणून त्याच्यावरच वैतागतो.

हे होतं कसं? आपण हात उचलायचं ठरवतो तेव्हा मेंदू हुकूम देतो आणि त्याबरोबर ‘आता असं असं जाणवेल’ असा अंदाजही बांधतो. हात खरोखर उचलला की स्नायू, सांधे आणि डोळे यांच्याकडून बातमी येते आणि ती अंदाजाशी ताडली जाते. तफावत असेल तर आपल्याला चूक कळते. या रुग्णांमध्ये हुकूम निघतो, अंदाजही बांधला जातो, पण ताडून पाहणारी यंत्रणा निकामी झालेली असते किंवा बातमीच पोचत नाही. मग अंदाजालाच अनुभव समजलं जातं. हात उचलला, असं त्याला खरंच जाणवतं. तो खोटं बोलत नाही. मेंदूच्या उजव्या गोलार्धातला इन्सुला नावाचा आत दडलेला भाग आणि हालचालीची आखणी करणारा पुढचा भाग यांच्याशी याचा संबंध वारंवार दिसला आहे. उजवा गोलार्ध शरीराची डावी बाजू चालवतो, म्हणून डावी बाजू गेलेल्यांत हे जास्त आढळतं. मात्र उजवी बाजू गेलेल्यांची भाषाच अनेकदा गेलेली असते. त्यांना कुणी नीट विचारत नाही, म्हणून त्यांच्यातलं सुटून जातं. हे लक्षात असू द्या.

खरा नकार, म्हणजे कळूनही न मानणं, हाही असतो, आणि तो वेगळा ओळखता येतो. ज्याला कळतं पण सोसवत नाही तो विषय निघाला की अस्वस्थ होतो, चिडतो, विषय बदलतो, तुमच्या येण्याच्या वेळेला झोपेचं सोंग घेतो. ज्याला कळतच नाही तो शांत असतो. तुम्ही लिहिलं आहे, ‘अगदी शांतपणे सांगतात.’ तुमच्या प्रश्नातला हा सर्वात महत्त्वाचा तपशील आहे. तिसराही एक प्रकार आहे. रुग्ण ‘हो, हात गेला आहे’ म्हणतो, पण पाऊस पडला एवढ्याच सहजतेने. माहिती आहे, तिची झळ नाही. यालाही बाबिन्स्कींनीच वेगळं नाव दिलं होतं. काही रुग्णांत दोन-तीन गोष्टींचं मिश्रण असतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी शिक्का मारू नका.

विचारायला सुरुवात करण्याआधी काही गोष्टी पाहून घ्या, नाहीतर निष्कर्ष भलताच निघेल. ऐकू नीट येतं का? वार, महिना, आपण कुठे आहोत हे सांगता येतं का? ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा सोडियम कमी झाल्याने आलेला गोंधळ अ‍ॅनोसोग्नोझियासारखाच दिसतो, आणि तो आधी डॉक्टरांना दाखवायचा असतो. डोळे मिटून डाव्या हाताचं बोट वर आहे की खाली हे सांगता येतं का? डाव्या बाजूचं दिसतं का, आणि दिसत असलं तरी तिकडे लक्ष जातं का? ताटातल्या डावीकडच्या भाजीला हात लागलेला नसतो, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते, हे घरच्यांनी पाहिलेलं असतं. विचारा. या प्रत्येक गोष्टीने अजाणतेपणात भर पडते, पण एकटी कुठलीही गोष्ट तो अजाणतेपणा पूर्ण समजावत नाही. डाव्या बाजूकडे पूर्ण दुर्लक्ष असूनही ‘हात गेला’ हे जाणणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि उलटेही.

आता प्रश्न. सर्वात सोपी आणि सर्वात जास्त वापरली जाणारी मोजपट्टी बिसियाक आणि सहकाऱ्यांची, १९८६ सालची. तिला चार पायऱ्या आहेत. ‘काय त्रास होतो?’ एवढं विचारल्यावर रुग्णाने आपणहून हाताचं सांगितलं तर शून्य. हाताबद्दल थेट विचारल्यावर सांगितलं तर एक. हात उचलायला लावून, तो उचलला जात नाही हे दाखवल्यावर मान्य केलं तर दोन. दाखवूनही मान्य नसेल तर तीन. कटिंग यांनी १९७८ साली वापरलेली प्रश्नावली थोडी लांब आहे आणि तिचा एक फायदा आहे. ‘हात आपला वाटत नाही’, ‘हा हात दुसऱ्याचा आहे’, ‘या हाताचा राग येतो’ असल्या विचित्र भावनांबद्दलही तिच्यात विचारलेलं आहे. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत. लोक वेड्यात काढतील अशी त्यांना भीती असते.

पण ही मोजपट्टी आपल्याकडे जशीच्या तशी लावू नका. फोंड्यातल्या कुणाही वडीलधाऱ्याला ‘कसे आहात?’ विचारा. ‘बरें आसा, देवाची कृपा’ हेच उत्तर येतं, मग त्याच्या घरावरचं छप्पर उडालेलं असलं तरी. ती आपली रीत आहे. परक्या माणसापुढे, त्यातही तपासायला आलेल्या मुलीपुढे, गाऱ्हाणं सांगत बसायचं नसतं. अशा माणसाला पहिल्या प्रश्नावरच गुण देऊन मोकळं झालात तर सभ्यपणालाच आजार ठरवाल. बायर आणि कार्नाथ यांनी २००५ साली हाच धोका वेगळ्या वाटेने दाखवला. ‘एक’ गुणाच्या पायरीवरचे रुग्ण बहुधा दुसऱ्या एखाद्या त्रासाबद्दल आधी बोलतात, पण हाताचं विचारलं की लगेच मान्य करतात. त्यांना अजाण म्हणता येत नाही. फक्त दोन आणि तीन या पायऱ्या मोजल्या तेव्हा त्यांच्याकडच्या ताज्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. निरनिराळ्या अभ्यासांत हाच आकडा ७ पासून ७७ टक्क्यांपर्यंत गेलेला आहे. एवढा फरक केवळ रुग्णांमुळे पडत नाही. कधी विचारलं, कसं विचारलं आणि कशाला अजाणतेपणा म्हटलं, यामुळे तो पडतो.

याच्या उलट दुसरी गोष्ट. ‘तुमचा डावा हात लुळा पडलाय ना?’ असं कधीही विचारू नका. आपल्याकडचा म्हातारा माणूस डॉक्टरांच्या माणसाला नाही म्हणत नाही. ‘हो बाय, तू म्हणतेस तर असेल.’ हे कळणं नव्हे. म्हणून मी उजव्या हाताबद्दलही तेच प्रश्न विचारते. ‘या हाताला काही त्रास? हा उचलता येतो?’ चांगल्या हाताबद्दलही ‘हो, त्रास आहे’ असं उत्तर आलं तर समजायचं की माणूस फक्त होकार देतो आहे. आणखी एक. ‘डॉक्टर म्हणतात, हात गेला’ आणि ‘माझा हात गेला’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. वहीत रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा, कोकणीत बोलला तर कोकणीतच. ‘म्हाका कितेंच जावंक ना’ (मला काहीच झालेलं नाही) याचं तुम्ही ‘रुग्णाला जाणीव नाही’ असं भाषांतर करून ठेवलंत तर महिन्याभराने तुम्हालाच त्यातून काही कळणार नाही. आणि विचारायची भाषा घरात बोलतात ती. मराठीत वर्तमानपत्र वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा माणूस दुखणं मात्र कोकणीतून सांगतो. ते तुम्हाला मी सांगायला नको.

बसायचं कुठे, हेही महत्त्वाचं. बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बसा. हात दाखवायचा असेल तर लुळा हात हळूच उचलून मध्यावरून थोडा उजवीकडे आणा, त्यांना तो दिसतो आहे याची खात्री करा आणि मगच विचारा. डावीकडे पडलेला हात दाखवून ‘बघा, हलत नाही’ म्हटलं आणि त्यांनी पाहिलंच नाही, तर तपासणी दुर्लक्षाची झाली, जाणिवेची नाही.

प्रश्नांच्या पुढे जाऊन कृतीकडे बघायला मी दोन रुग्णांकडून शिकले. ओळख पटू नये एवढा तपशील बदलून सांगते.

पहिले भजनी बुवा. श्रावणातला वास्कोचा दामोदर सप्ताह न चुकता करणारे. स्ट्रोकनंतर महिन्याभराने मी ‘काय त्रास होतो?’ एवढंच विचारलं तर ते नीट सांगायचे, ‘डावा हात गेला, डॉक्टरांनी सांगितलंय.’ मोजपट्टीवर शून्य. मी समाधानाने कागद बाजूला ठेवत होते, तेवढ्यात त्यांचा नातू टाळ घेऊन आला. बुवांनी उजव्या हातात एक टाळ घेतला, दुसरा डाव्या मांडीवर तसाच पडलेला, आणि त्यांनी हवेत ठेका धरला. चेहऱ्यावर पूर्ण तल्लीनता. मी विचारलं, ‘वाजले?’ ‘वाजले की!’ त्यांच्या तोंडाला माहीत होतं, हाताला नव्हतं.

दुसऱ्या एक काकी. हात बरा आहे, यावर ठाम. दाखवलं तरी ठाम. पायरी तीन. त्या आयुष्यभर अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत आल्या होत्या. मी फुलं आणि केळीचा दोर समोर ठेवला. काकींनी उजव्या हाताने फुलं मांडली, अगदी जोडी-जोडीने, आणि गाठ मारायची वेळ आली की दर वेळी दोर नातीकडे सरकवायच्या. ‘तू बांध गे.’ एकदा नाही, सात-आठ वेळा. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘तिला शिकू दे.’ इथे तोंडाला माहीत नव्हतं, पण कुठेतरी आत माहीत होतं.

या दोघांना केवळ प्रश्न विचारून गुण दिले असते तर बुवा निर्धास्त ठरले असते आणि काकी धोक्याच्या. प्रत्यक्षात पडले बुवा. तोंडाने सांगितलेली आणि वागण्यातून दिसणारी जाणीव एकमेकींपासून अशा सुट्या होऊ शकतात, हे अभ्यासांतही दिसलं आहे. म्हणून मी दोन्ही वेगवेगळ्या नोंदवते, आणि माझ्या मते घरी पडण्याचा धोका ठरवताना वागण्याला जास्त वजन द्यावं.

वागणं बघायला महागडं काही लागत नाही. टाळी वाजवायला सांगा. जाणणारा माणूस उजव्या हाताने डाव्या हातावर थाप मारतो किंवा ‘कसा वाजवू?’ म्हणतो. न जाणणारा हवेत एका हाताने टाळी वाजवतो आणि थांबतो. एका ट्रेमध्ये प्लास्टिकचे चार पेले अर्धे भरून ठेवा आणि उचलायला सांगा. जाणणारा ट्रेच्या मधोमध खालून हात घालतो, न जाणणारा उजवी कड धरून उचलतो आणि पाणी सांडतं. बाटलीचं झाकण, पंच्याची गाठ, पिळायचं ओलं फडकं, सगळं चालतं. आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवणं किंवा मासळी कापणं यांबद्दल फक्त विचारायचं, करायला लावायचं नाही. पात्याशी प्रयोग नको.

प्रत्येक कृतीआधी विचारा, ‘हे जमेल का? पूर्ण जमेल, थोडं जमेल, की नाही जमणार?’ मग करू द्या. मग विचारा, ‘कसं झालं?’ आणि दहा मिनिटांनी, दुसरं काही बोलून झाल्यावर, तीच कृती पुन्हा विचारा, ‘आता जमेल?’ हा चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. काही रुग्ण कृती फसली की त्या क्षणी मान्य करतात, आणि दहा मिनिटांत ते मान्य करणं पुसून जातं. पुन्हा तोच आत्मविश्वास. ही जाणीव टिकत नाही, आणि त्या जाणिवेवर विसंबून रुग्णाला एकटं सोडता येत नाही.

लिहून ठेवायला तीन रकाने करा. रुग्ण काय म्हणतो, घरचे काय म्हणतात, तुम्ही काय पाहिलं. २००९ साली देल्ला साला, कोक्किनी आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर चित्रांची एक चाचणी प्रसिद्ध केली. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय लागणाऱ्या १२ कृतींची चित्रं दाखवायची, रुग्णाने अडचण किती ते शून्य ते तीनमध्ये दाखवायचं, तेच घरच्या माणसाकडून भरून घ्यायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. प्रश्न समजतो आहे का हे पडताळायला काही चित्रं मुद्दाम घातलेली असतात. बोलता न येणाऱ्यांसाठी याचा मोठा उपयोग आहे. मी बऱ्याचदा घरातल्या ओळखीच्या कामांचे फोटो काढून तशी पानं बनवते. त्यांना प्रमाणित चाचणीचा दर्जा नाही, म्हणून त्यांतले गुण मी कुणाच्या अहवालात टाकत नाही, पण माणूस ओळखायला ती फार कामी येतात. डाव्या बाजूकडच्या दुर्लक्षासाठी कॅथरीन बेर्जेगो मोजपट्टी आहे. रोजच्या १० गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते तीन. तुमचे गुण आणि रुग्णाने स्वतःला दिलेले गुण यांतला फरक म्हणजे त्या दुर्लक्षाबद्दलचा अजाणतेपणा. ही मात्र तुम्ही नक्की शिकून घ्या.

घरच्यांशी बोलायचं ते रुग्णासमोर नाही. स्वयंपाकघरात, मागच्या पडवीत, कुठेही. आणि एका माणसाशी नाही. मुलगा मुंबईहून आठवड्यासाठी आलेला असतो, त्याला वडील फार वाईट स्थितीत दिसतात. बायकोला ते कालच्यापेक्षा बरे दिसतात. रात्री सोबत झोपणाऱ्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. ‘आधीपासून कसे होते?’ हे मुद्दाम विचारा. जन्मभर स्वतःचं दुखणं लपवणारा माणूस आणि स्ट्रोकनंतर बदललेला माणूस यांत फरक करायला दुसरा मार्ग नाही.

एक प्रश्न मला विशेष उपयोगी पडतो. मार्सेल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली रुग्णांना दोन प्रकारे विचारलं. ही कृती तुम्हाला कितपत जमेल? आणि मी, तपासणारा, तुमच्यासारख्या अवस्थेत असतो तर मला कितपत जमली असती? काही रुग्णांनी स्वतःला भरघोस गुण दिले आणि तपासणाऱ्याला कमी. आपल्याकडे हे फार सहज विचारता येतं. ‘भाई, समजा मलाच असं झालं असतं, तर मी विहिरीचं पाणी काढू शकले असते?’ ‘छे बाय, तू कशी काढशील!’ असं उत्तर आलं तर मला वाट सापडते. स्वतःच्या शरीराबद्दल बंद असलेलं दार दुसऱ्याच्या शरीराबद्दल उघडं आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या वयात मी केली होती. अशाच एका गृहस्थांशी मी तीन दिवस वाद घातला. चौथ्या दिवशी सगळ्या घरासमोर त्यांचा लुळा हात उचलला, सोडून दिला आणि म्हटलं, ‘पडला की नाही?’ त्यांनी हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘हा माझा नव्हे, तुझा हात.’ सून हसली. त्या हसण्याने त्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरलेले नाही. पुढचे दोन आठवडे त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही, आणि ते दोन आठवडे त्यांच्या पायाच्या व्यायामाचे होते. हात दुसऱ्याचा वाटणं हे याच इजेचं एक रूप आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी त्यांना हरवायला निघाले होते. दाखवायचं ते एकदाच, हळू, आणि कुणी नसताना. मान्य नाही झालं तर नोंद करायची आणि विषय सोडायचा.

फोनवर व्हिडिओ काढून दाखवावा का, असं अनेक जण विचारतात. एका रुग्णाला स्वतःचाच व्हिडिओ बाहेरून पाहिल्यावर जाणीव परत आल्याची नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली आहे. मी सावधपणे वापरते. आधी विचारून, जवळ बसून, आणि दुपारनंतर हाताशी वेळ असेल तेव्हाच. कारण जाणीव आली तर तिच्याबरोबर दुःख येतं. काकींना ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत रडल्या. त्यानंतर झोप, भूक, मरणाची भाषा याकडे लक्ष ठेवावं लागतं आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून औषध सुरू करून घ्यावं लागतं. जाणीव परत आणणं म्हणजे सगळं ठीक होणं नव्हे. डाव्या कानात थंड पाणी सोडल्यावर थोड्या वेळापुरती जाणीव परत येते असं १९८०च्या दशकापासून नोंदलेलं आहे, आणि कुणीतरी ते वाचून घरी करून बघतं. करू नका. परिणाम टिकत नाही, चक्कर आणि उलटी मात्र होते, आणि गिळायला त्रास असलेल्या रुग्णात उलटी घातक ठरू शकते.

तपासणी एकदा करून फाइल बंद करू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिसऱ्या दिवशी सुमारे ३२ टक्के जण अजाण होते, आठवड्याने १८ टक्के आणि सहा महिन्यांनी ५ टक्के. म्हणजे बहुतेकांची जाणीव आपोआप परतते. तुमचे रुग्ण तीन आठवड्यांनीही ठाम आहेत, तेव्हा ते सावकाश सुधारणाऱ्यांपैकी आहेत असं धरून चला आणि दर आठवड्याला, त्याच वेळी, तेच प्रश्न विचारा. संध्याकाळी दमलेला माणूस सकाळपेक्षा वेगळं उत्तर देतो.

जाता जाता घरच्यांसाठी एक. हाच अजाणतेपणा स्ट्रोकच्या पहिल्या तासातही असतो. तोंड वाकडं झालेला माणूस ‘काही नाही, जरा पडतो’ म्हणतो आणि घर त्याचं ऐकतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि वाळपईपलीकडच्या गावातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज रुग्णालयात पोचायलाच त्यातला केवढा वेळ जातो. चेहरा, हात आणि बोलणं हे डोळ्यांनी बघायचं, आणि त्याला न विचारता १०८ला फोन करायचा.

व्यायाम ते टाळतात, त्याचं काय? हाताला काही झालेलंच नाही, मग व्यायाम कशाला, हे त्यांच्या बाजूने पूर्ण तर्काला धरून आहे. म्हणून हाताचं नाव काढू नका. त्यांना काय करायचं आहे ते विचारा. देवळात चालत जायचं आहे, तुळशीला पाणी घालायचं आहे, चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायची आहे. त्या कामाचा सराव म्हणून दोन्ही हात घ्या. पटलं नाही तरी ते काम करतात, हा माझा अनुभव आहे. कारण कामाबद्दल वाद नसतो.

पुढच्या भेटीत सगळं करू नका. फक्त विचारा आणि लिहा, कृती त्याच्या पुढच्या भेटीला. आणि एक गोष्ट मुद्दाम करा. तुम्ही हाताबद्दल सविस्तर लिहिलंत, पायाबद्दल त्यांना काय वाटतं ते लिहिलंच नाही. हात आणि पाय यांची जाणीव वेगवेगळी असू शकते, म्हणून पायाचं स्वतंत्र विचारा. ‘उभं राहता येईल? न धरता? दारापर्यंत?’ हातावर विसंबून माणूस पडत नाही, ते दोन्ही वेळा पायावर विसंबून उठले होते.